दहाचा भोंगा

१ सप्टेंबर, सोमवार

आमच्या भोंग्याला कुणी घाबरत नाही. त्याच्यावर घड्याळं लावतात!

आजच लिहिते. उद्यावर टाकलं की मन सारवासारव करायला लागतं.

सकाळी दहाला सहा मिनिटं कमी असताना वरच्या धरणावरून फोन — "पाणी सोडलंय, तासाभरात तुमच्याकडे चढेल." म्हणजे आपल्या बंधाऱ्याचा एक दरवाजा उचलून तेवढं पाणी खाली जाऊ द्यायला हवं. नाहीतर ते शेजारच्या हौदाच्या दारावरून आत पडणार, आणि मालाच्या बोटींची, म्हणजे बार्जची, सगळी ये-जा त्याच लॉकच्या हौदातून; त्यात पाणी भरून किंवा उतरवून त्यांना वर-खाली घेतो. मी भोंगा दिला. तीनदा, लांब. दहा मिनिटं थांबले. दरवाजा वीतभर उचलला. सगळं नियमाला धरून! मग खिडकीतून खाली पाहिलं. बंधाऱ्याखालच्या खडकांवर सगळे जिथल्या तिथे! लाँड्रीवाली चादरी पिळतेय. दोघंजण ट्रक धुतायत. एकजण आरशात बघून दाढी करतोय.

दरवाजा परत खाली घेईपर्यंत पाणी लाँड्रीवालीच्या गुडघ्यांना लागलं होतं. ती पळाली म्हणून वाचली. हॉटेलच्या बावीस चादरी मात्र गेल्या.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. वाटलं, शिव्या देईल. ती उलट मलाच समजावते — "तुमचा काय दोष मॅडम? मला वाटलं, दहाचा वाजला. आज जरा लवकर वाजला, एवढंच मनात आलं."

दहाचा!

२ सप्टेंबर, मंगळवार

दहाचा भोंगा ही आमच्या बाबांची देणगी. एकोणतीस वर्षांपूर्वी, ते या माझ्याच खुर्चीवर होते तेव्हा त्यांनी सुरू केला — भोंगा चालतो की नाही, हे रोज वाजवून बघायचं. ते रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. मधे तीन इनचार्ज आले आणि गेले. भोंगा चालूच. मी जुलैत इथं बदलून आले, तीही बारा वर्षं खालच्या लॉकवर घासून. तरी मुकाट्यानं दहाला बटण दाबत राहिले. बापाची पद्धत, मोडणार कोण?

शाळेची पहिली घंटा त्यावर. शिंपीमामांचं शटर त्यावर. एका आजींची रक्तदाबाची गोळी त्यावर! आणि त्याच भोंग्याचा अर्थ म्हणे — पळा, पाणी येतंय. रोज ज्या आवाजात 'दहा वाजले' सांगायचं, त्याच आवाजात एखाद्या दिवशी 'जीव वाचवा' सांगायचं. लोकांनी ओळखायचं तरी कसं?

बंद करायचा. भोंगा वाजेल तो फक्त पाण्यासाठी. ठरलं.

आता फक्त बाबांना सांगायचंय. फक्त!

३ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं.

जेवताना मी ओट्याकडे तोंड करून वाढून घेत होते, तसंच म्हटलं — "बाबा, दहाचा भोंगा बंद करतेय." उत्तर काय, तर "नको, पोट भरलं." हा त्यांचा जुना डाव. नको तो विषय निघाला की भलतंच काहीतरी बोलायचं. आई असताना तिच्याशीही हेच. शेवटी मी समोर खुर्ची ओढून बसले, डोळ्यांत डोळे घालून एकेक शब्द सावकाश सांगितला. तेव्हा त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"ज्या दिवशी वाजायला हवा होता त्या दिवशी तो वाजला नाही," म्हणाले. "म्हणून मी रोज वाजवला. तू शहाणी आहेस. कर काय करायचं ते."

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बाबांनी बटण दाबलं, भोंग्यातून जराही आवाज निघाला नाही. आत गंज चढला होता. केबिनमध्ये इतर आवाजांत कुणाला कळलंच नाही, आणि दरवाजा उचलला गेला. खाली होडीवाला होता. त्याची होडी दोन दिवसांनी सापडली. तो पाचव्या दिवशी.

चौकशीत बाबा सुटले. घरी कधी सुटले नाहीत. माझ्या आठवणीत त्यानंतर ते नदीवर पोहायला गेले नाहीत, आणि दहाचा भोंगा एकदाही चुकला नाही — आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

आता मी काय करू?

५ सप्टेंबर, शुक्रवार

बाबांचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. हीच तर पंचाईत! भोंगा रोज तपासायला हवा, पण वाजवायला नको. दोन दिवस डोकं पिकलं.

शेवटी कोडं सोडवलं वंगणनं. वंगण म्हणजे आमचा मेकॅनिक. नाव त्याला चांगलं आहे, पण मनगटापर्यंत कायम ग्रीस, त्यामुळे हजेरीपुस्तकाबाहेर ते कुणी घेत नाही. चहा पिता पिता म्हणाला, "मॅडम, आमचा थोरला क्लॅरिनेट शिकत होता ना, तेव्हा बायको त्याच्या तोंडात मोजे कोंबायची."

"मुलाच्या?"

"क्लॅरिनेटच्या हो!"

तर असं ठरलं. भोंगा केबिनच्या छतावर आहे, तोंड खालच्या अंगाला. वंगण दहाच्या जरा आधी शिडीवरून वर चढेल, भोंग्याच्या तोंडात जुनं पांघरूण ठासेल, खाली येईल. मी दहाला बटण दाबेन. केबिनमध्ये भोंगा कानांपेक्षा तळपायांनाच जास्त कळतो, जमीन थरथरते. थरथरली की तपासणी झाली. मग पांघरुणाला बांधलेली दोरी खालून ओढायची, पांघरूण बाहेर. ना शाळेला ऐकू जाणार, ना शिंपीमामांना.

एक नियम मी घातला. जो वर चढेल त्याच्या खिशात भोंग्याचा फ्यूज; तो काढला की भोंगा मुका. माणूस वर आणि कुणी चुकून बटण दाबलं तर कानाचे पडदे जातील.

पांघरूण मी दिलं. बाबांचंच, निळं, उसवलेलं. त्यांना न विचारता.

८ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस.

चौकात, शाळेत, बेकरीत, खडकांकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर — सगळीकडे माझ्या हातचा कागद: 'यापुढे भोंगा वाजला म्हणजे पाणी आलं. किती वाजले हे बघायला घड्याळ वापरा.' दुसरं वाक्य वंगण म्हणाला, नका लिहू. लिहिलं.

दहाला आठ मिनिटं कमी असताना वंगण वर चढला. कबुतरं उडाली. भोंगा म्हणजे त्यांची वडिलोपार्जित जागा! वंगण खाली आला तशी निर्लज्जपणे परत येऊन बसली. दहाला बटण. घसा बसलेल्या माणसाच्या खोकल्यासारखा आवाज, पायाखाली थरथर, कबुतरं पुन्हा फडफडत वर. दोरी ओढली, पांघरूण खाली. मी वहीत खूण केली. खाली खडकांवर एकानंही मान वर केली नाही. जमलं!

सव्वादहाला शाळेच्या मुख्याध्यापिका हजर. घंटा झाली नाही, पोरं मैदानातच. त्यांना चहा पाजला आणि भिंतीवरचं माझं जादा घड्याळ देऊन टाकलं.

घरी आले तर बाबा तयारच — "आज आठ मिनिटं आधी वाजवलास. वेळ पाळायची नसेल तर कशाला वाजवतेस?"

टोमणा. मी ताटं वाढायला घेतली. एकदा टोमणे मारायला लागले की आठवडाभर थांबत नाहीत.

९ सप्टेंबर, मंगळवार

बार्ज पाच. तक्रारी सात. त्यातली एक निनावी, अक्षर शिंपीमामांचं.

११ सप्टेंबर, गुरुवार

मोठ्या साहेबांचा फोन. "एकोणतीस वर्षं सुरळीत चाललंय, तुम्हीच कशाला नसती उठाठेव करता? वरून विचारणा होते मला."

म्हटलं, बावीस चादरी गेल्या त्या दिवशी वरून विचारणा झाली नाही. चादरीच होत्या म्हणून.

"तुम्ही फार ताणता हं."

ताणतेच. आणखी एक नियम लिहून भिंतीवर लावला: भोंग्यानंतर दुर्बिणीतून खडक बघायचे, माणसं मोजायची, शेवटचं माणूस पायऱ्या चढेपर्यंत दरवाजा उचलायचा नाही. दहा मिनिटं होवोत की चाळीस. जुना नियम मिनिटं मोजायचा. मिनिटं बुडत नाहीत.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज एका बार्जनं घाम फोडला. खडीनं भरलेली, खाली जाणारी. हौदात घेतली, वरचं दार लावलं, पाणी उतरवायला सुरुवात केली. पाण्याबरोबर बार्ज खाली जाते, म्हणून काठाला बांधलेला दोर सोडत जायचा असतो. दोरावरचा खलाशी नवा, चाळिशीचा गृहस्थ, आधी कुठं तरी बेकरीत होता म्हणे. त्यानं दोर खुंटाला पक्का गुंडाळला आणि विडी पेटवली! बार्ज एका अंगानं लटकली. दोर करकरायला लागला. असा दोर तुटला तर माणसाचे दोन तुकडे करतो.

मी पाणी थांबवलं, परत थोडं भरलं, बार्ज उचलली गेली, दोर ढिला झाला. मग खाली गेले आणि त्याला चांगलं धारेवर धरलं.

"पण मॅडम, दोर तर मी घट्ट धरला होता," तो म्हणतो.

"दोराकडे काय बघताय? बार्जकडे बघा! काम बार्जचं आहे, दोराचं नाही."

बार्जचा तांडेल हसला. खलाशी बिचारा मान खाली घालून होता. घरी येताना वाटलं, जास्तच बोलले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बाबांशी भांडण.

चादरी गेल्या त्या सोमवारी तेवढे तापानं घरी होते; एरवी ते रोज नऊपासून बारापर्यंत त्या खडकांवर बसतात, मधल्या मोठ्या दगडावर, गळ टाकून. आणि तेही पाण्याकडे पाठ करून, तोंड आमच्या केबिनकडे! वंगण चिडवतो, "आजोबांना मासे पाठीला चिकटतात का?" बाबा म्हणतात, ऊन डोळ्यांवर येतं. ढगाळ दिवशीही ऊन येतं का, ते विचारायची सोय नाही.

म्हटलं, इनचार्जचा बापच धोक्याच्या जागी बसला तर मी दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगू? टीव्ही लावला होता, इतका मोठा की शेजारी फुकटात बातम्या ऐकतात. तीनदा सांगितलं. ढिम्म! टीव्ही बंद केला, समोर उभी राहिले, परत सांगितलं.

"मी बसणार," म्हणाले. "भोंगा वाजला की उठीन. सगळ्यांना उठवीन."

"भोंगा वाजल्यावर उठणारे तुम्ही! घरात दहा हाका मारल्याशिवाय जागचे हलत नाही."

हे शेवटचं मी पाठ फिरवून पुटपुटले. ऐकलं नाही बहुधा. बरं झालं.

हट्ट. नुसता हट्ट. माझ्यातही तोच आलाय असं वंगण म्हणतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सुरुवातीपासून लिहिते. क्रम चुकायला नको.

दहाला तपासणी. रिमझिम होती, पांघरूण भिजून जड झालेलं. बटण दाबलं, जमीन थरथरली. वंगण हौदाकडे गेला होता, म्हणून दोरी मीच खिडकीतून ओढली. जरा अडली, मग सटकन हातात आली; पांघरूण नेहमीसारखं खाली पडलं असणार, पावसात बाहेर जाऊन बघितलं नाही. वहीत खूण केली: 'दोरी ओढली.' माझ्याच हातानं मी तो रकाना आखला होता.

दहा चाळीसला वरच्या धरणाचा फोन. आवाजावरूनच कळलं. रात्रभर डोंगरात कोसळलाय, एकदम चार दरवाजे उघडलेत. अर्ध्या तासात पाणी आपल्याकडे.

पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीवर तेव्हा चार मीटर वीस. चार ऐंशीला पाणी हौदाच्या वरच्या दारावरून आत पडतं. आणि हौदात शनिवारचीच खडीची बार्ज, परतीच्या वाटेवर, इंजिन धडधडत. हौद खालच्या पातळीवर. वंगणला ओरडले — दोन्ही दारं बंद ठेव, बार्जवरचे चौघे शिडीनं वर घे, इंजिन राहू दे चालू. तो धावला.

दहा पंचावन्नला भोंगा. तीनदा, लांब. पायाखाली जमीन थरथरली. बार्जचं इंजिन कान किटवत होतं. मी दुर्बीण घेतली.

खडकांवर अकरा माणसं. एकही हललं नाही.

आधी संताप आला. एवढे कागद लावले, एवढ्या विनवण्या केल्या! परत बटण. परत थरथर. तरी लाँड्रीवाली आपली चादर आपटतेय. पट्टी: चार एकेचाळीस.

आणि मग बाबा उठले.

गळ टाकला तिथेच. काठी घेतली आणि त्या ओल्या दगडांवरून — गुडघे दुखतात म्हणून घरचा जिना चढत नाहीत! — धावत सुटले. लाँड्रीवालीच्या बादलीवर काठी आपटली. तिला दंडाला धरून उठवलं. ट्रकवाल्याच्या तोंडासमोर हात नाचवले. मला ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं, बाबांचं तोंड उघडं आणि काठी केबिनकडे रोखलेली. माणसं केबिनकडे बघत होती, बाबांकडे बघत होती. मग पळायला लागली.

फोन वाजला. मोठे साहेब. "दरवाजा उचललात का?"

"खाली माणसं आहेत."

"पट्टी किती?"

"चार अठ्ठावन्न."

"उचला आधी! हौदाचं दार गेलं तर कोट्यवधींचं नुकसान. भोंगा दिलात ना? मग तुमची जबाबदारी संपली!"

"माझी माणसं मोजून संपलेली नाहीत," म्हणाले आणि फोन ठेवला. आजवर साहेबाचा फोन ठेवला नव्हता. दहा. आठ. सात. चार सहासष्ट. ट्रकवाला ट्रक चालू करत बसला होता. बाबांनी त्याला कॉलरला धरून खाली ओढलं, ट्रक तिथेच राहिला. तीन. लाँड्रीवाली पायऱ्यांवर. दोन. चार चौऱ्याहत्तर. ट्रकवाला वर. एक.

एक म्हणजे बाबा. सगळ्यांत शेवटी, काठी टेकत, एकेक पायरी. माझा हात दरवाजाच्या बटणावर होता आणि मी मोठ्यानं म्हणत होते — चला बाबा, चला, चला. केबिनमध्ये कुणी नव्हतं ऐकायला. शेवटच्या पायरीवर त्यांनी कठडा धरला, वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

चार एकोणऐंशी. दरवाजा उचलला. मग दुसरा. मग तिसरा.

ट्रक एखाद्या डब्यासारखा उलटला आणि दिसेनासा झाला. बाबांचा दगड दोन मिनिटांत पाण्याखाली. हौदाच्या दारावरून एक थेंब आत आला नाही. पट्टीची नोंद दर पाच मिनिटांनी केली. अक्षर वेडंवाकडं आहे. असू दे.

अजून संपलं नाही. तीन वाजता पाणी स्थिरावलं, वंगण पाऊस लागलेल्या तारा बघायला फ्यूज खिशात टाकून वर चढला. पाच मिनिटांनी शिडीवरून उतरला. चेहरा पांढराफटक. हातात बाबांचं निळं पांघरूण.

दोरी सुटून आली होती. पांघरूण भोंग्याच्या तोंडातच होतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अहवाल लिहिला. चार वेळा फाडला, पाचव्यांदा ठेवला.

'भोंगा वाजला नाही. म्हणजे वाजला, पण कुणालाही ऐकू गेला नाही. तपासणीची पद्धत मी ठरवली. वहीचा रकाना मी आखला. त्यात "दोरी ओढली का" असं विचारलं होतं, "पांघरूण बाहेर आलं का" असं नाही. दोरी मी ओढली. खूण मी केली.'

वंगण म्हणाला, "मॅडम, गाठ मी मारली होती. माझं नाव घाला." नाही घातलं. गाठी सुटतात. बघायचं काम माझं होतं. त्या खलाशाला केवढी बोलले होते मी! दोराकडे काय बघता म्हणून! आज त्याची बार्ज वर गेली तेव्हा खाली उतरून त्याची माफी मागितली. त्याला काही कळलंच नाही. घाबरून दोर घट्ट धरून उभा राहिला.

मोठ्या साहेबांना वाचून दाखवला. म्हणाले, "हे असंच पाठवायचं?"

असंच.

चौकशी लागेल. लागू दे. बाबांचीही लागली होती. फरक एवढाच, की माझ्या वेळी खाली बाबा होते.

नवा रकाना: 'भोंग्याचं तोंड मोकळं — वर चढून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.' रोज. पाऊस असो, काही असो. दहाचा भोंगा परत सुरू करा, म्हणून कालपासून चौघे येऊन गेले. नाही! पद्धत चुकली, विचार चुकला नव्हता. पांघरूण ठासायचं, बटण दाबायचं, काढायचं, आणि मग वर चढून बघायचं. बघणारी मी.

२० सप्टेंबर, शनिवार

लाँड्रीवाली आली होती. रडत होती, हसत होती. "भोंगा? कुठला भोंगा मॅडम? काही नाही वाजलं. बाबाच आले ओरडत, भोंगा झाला, भोंगा झाला! मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण दंड असा धरला की उठावंच लागलं."

अकरा जणांत भोंगा ऐकला कुणी? एकट्या बाबांनी. तोंडात बोळा कोंबलेला, बार्ज धडधडतेय, पलीकडून पाण्याचा आवाज.

"म्हाताऱ्याचे कान तिखट आहेत," वंगण म्हणाला. "एकोणतीस वर्षांची सवय. आईला नाही का तान्ह्याचं कुईं झालं तरी जाग येते?"

मलाही पटलं. घरी जाऊन बाबांच्या समोर बसले. विचारलं, तुम्हाला कसा ऐकू आला?

"वाजला, म्हणून उठलो," म्हणाले. "दहाची वेळ नव्हती, म्हणजे पाण्याचाच. त्यात काय एवढं?" आणि मग, टीव्हीकडे बघत, "त्या वेळी वाजला असता तर होडीवालाही उठला असता."

मी त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी काढून घेतला नाही.

आणि मी यांना हट्टी म्हणत होते!

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाणी उतरलंय. खडकांवर माणसं परत आली, बाबा परत त्यांच्या दगडावर, तोंड केबिनकडे.

बार्जच्या गर्दीत दहाची तपासणी राहून गेली. सव्वाअकराला मीच वर चढले, नुसतं भोंग्याचं तोंड बघायला. बटणाला हातही लावला नव्हता. माझं डोकं छतावर दिसताच कबुतरं एकदम उडाली.

खाली बाबा ताडकन उठले. काठी घेतली. लाँड्रीवालीकडे धावत सुटले. वाऱ्यावर त्यांचा आवाज वरपर्यंत आला — "उठा! भोंगा झाला! भोंगा झाला!"

फ्यूज माझ्या खिशात होता.